उंबऱ्यावरचा ठेका

आमच्या वर्गात पहिली दहा मिनिटं दिवा लावत नाहीत. मुलाचं नाव घालायला नव्यानं आलेले आईवडील दारातच विचारतात, "लाइट गेलीय का ताई?" मी म्हणते, "नाही, आहे. बसा थोडं." पडदे ओढलेले असतात, तानपुऱ्याचा सूर चालू असतो आणि चटईवर बसलेली मुलं एकेक करून आपला सा लावत असतात. नाव सांगायचं नाही, हात वर करायचा नाही. ज्याचा सा लागला त्यानं गप्प बसायचं, मग पुढच्यानं लावायचा. मी नुसती ऐकते. सव्वीस वर्षं हे चाललंय. सुरुवातीला दोन-चार पालकांनी मुलं काढूनही घेतली, कारण अंधारात काय शिकवतात हे त्यांना पटेना. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण ही सवय मला कुठून लागली ते मी कधी कुणाला नीट सांगितलेलंच नाही.

ती लागली १९७१ च्या डिसेंबरात.

मी दहा वर्षांची होते, पाचवीत. शिवाजी पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर आमचे बुवा गाण्याचा वर्ग चालवायचे. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्यपरंपरेतल्या एका गायकाकडे ते ऐन उमेदीत काही वर्षं शिकले होते आणि त्याचा त्यांना एवढा अभिमान होता, की देवल क्लबच्या, म्हणजे गावातल्या जुन्या संगीतसंस्थेच्या बाजूला जायचं झालं तर चप्पल काढून जावं असं ते म्हणायचे. कोल्हापुरात त्या काळी गाणं शिकवणारी घरं पेठापेठांतून होती. शाहू महाराजांनी खाँसाहेबांना दरबारात ठेवून घेतलं त्याला तोवर पाऊणशे वर्षं होत आली होती, तरी त्या गोष्टी काल घडल्यासारख्या सांगितल्या जायच्या. आमच्या वर्गात पंधरा-सोळा मुलं होती. बहुतेक मुलीच. चांगल्या घरातल्या, वेण्यांना रिबिनी लावलेल्या. कोण पुढे बसणार, कोण मागे, हे कुणी न सांगताच ठरलेलं असायचं.

३ डिसेंबरला, शुक्रवारी, संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर हल्ला केला आणि मध्यरात्री इंदिराबाई रेडिओवर बोलल्या. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीचं रूप पालटलं. खिडक्यांच्या काचांना काळे, तपकिरी कागद चिकटवले. बल्बला पुठ्ठ्याची टोपी घातली. गाड्यांचे दिवे वरून अर्धे काळे केले. अंधार पडला की तालमीतली पोरं काठ्या घेऊन गल्लीतून फिरायची आणि कुठं फट दिसली की ओरडायची, "ए वरचं घर! बत्ती बंद करा!" कोल्हापूर कुठं आणि सरहद्द कुठं, पण त्या ओरडण्यात खरी भीती असायची. गुऱ्हाळं चालू होती. दिवे नसल्यामुळे की काय, पण त्या पंधरा दिवसांत रसाच्या काहिलीचा वास पेठेत जितका आला तितका मला पुन्हा कधी आलेला नाही.

सगळ्यांना वाटलं, बुवा वर्ग बंद ठेवतील. त्यांनी निरोप पाठवला, "गळ्याला दिवा लागत नाही. पोरींना पाठवा, न्यायला मात्र कुणीतरी या."

तर आम्ही अंधारात बसायला लागलो. पहिल्या दिवशी खिदळलो, एकमेकींना चिमटे काढले. दुसऱ्या दिवशी काळोखाची सवय झाली. वही दिसत नव्हती, त्यामुळे बुवा तोंडानं सांगतील तेवढंच. भूप चालला होता. मध्यम नाही, निषाद नाही, पाच स्वरांचा राग, लहान मुलांना पहिल्यांदा देतात तो. बुवा म्हणायचे, "आता एकेक आवाज येऊ दे. कोण आहे ते मला सांगू नका, मला ओळखायचंय." आणि त्या आठवड्यात ते सारखे चुकत होते. वर्गातली हुशार म्हणून जिचं नाव घेतलं जायचं तिच्या आवाजाला ते म्हणाले, "हा कच्चा आहे, ही नवी मुलगी कोण?" आणि खोलीत शांतता पसरली. मागच्या कोपऱ्यात बसणाऱ्या, फी दोन-दोन महिने थकवणाऱ्या एका मुलीचा गंधार ऐकून ते नुसते "अरे" म्हणाले आणि तिला तीन वेळा तोच स्वर लावायला लावला. तीन वर्षं ती त्यांच्यासमोर बसत होती. हे सगळं मला तेव्हा समजलं असं नाही. एवढंच कळत होतं, की अंधारात बुवांचा आवाज बदललाय. ते आम्हाला नव्यानं भेटत असल्यासारखे बोलत होते.

तबल्याला जे काका यायचे ते शाहू मिलमध्ये कामाला होते आणि त्या आठवड्यात त्यांना रात्रपाळी लागली होती. ठेक्याशिवायच गाणं चाललं होतं. बुवा मांडीवर हात मारत मात्रा मोजायचे. बुधवार असेल. आम्ही सगळ्या मिळून बंदिशीचं तोंड म्हणत होतो आणि कधी सुरू झालं कुणाला कळलं नाही, पण खोलीत तीनताल वाजत होता. लाकडावर. दाराच्या दिशेनं. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा. तळव्यानं धा, आणि खालीच्या, म्हणजे टाळी नसलेल्या, चार मात्रा आल्या की तळवा उचलून नुसती बोटांची टोकं टेकवलेली, इतकी हलकी की तिथं आवाज असण्यापेक्षा नसण्याकडेच जास्त झुकत होता. मग पुन्हा भरलेला धा आणि आम्ही सगळ्या समेवर. मला आठवतं, समेवर येणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी पहिल्यांदा अंगात कळलं. तोवर ते बोटांवर मोजून यायचं.

बुवांनी गाणं थांबवलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. पंधरा मिनिटं तरी. मग ते हळूच म्हणाले, "ठेका कोण धरतंय?"

ठेका बंद पडला.

"थांबू नकोस," बुवा म्हणाले. "कोण आहेस ते नको सांगू. वाजव."

बराच वेळ काहीच नाही. मग परत लाकडावर बोटं पडली.

तो मागच्या कोपऱ्यातल्या त्याच मुलीचा भाऊ होता. बारा-तेरा वर्षांचा असेल. रोज तिला सोडायला आणि न्यायला यायचा आणि वर्ग सुटेपर्यंत माडीच्या दाराबाहेर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसायचा. वडील लग्नाच्या वरातीत, जत्रेत हलगी वाजवायचे. ती मुलगी आत कशी आली? तिच्या शाळेतल्या बाईंनी बुवांना गळ घातली होती म्हणून. पण भावाला कुणी बोलावलं नव्हतं आणि तोही उंबरा ओलांडत नव्हता. १९०२ साली ज्या गावात शाहू महाराजांनी निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या, त्या गावात, १९७१ साली, तो उंबऱ्याबाहेर बसत होता आणि आमच्यापैकी एकाही मुलीला त्यात वावगं वाटलं नव्हतं. मलाही नाही. मी रोज त्याला ओलांडून आत जात होते.

अंधारात तो केव्हातरी पायरीवरून उठून चौकटीला टेकला होता. उंबऱ्याची फळी आणि चौकटीचा खांब, या दोन्हींवर तो वाजवत होता. फळी डग्ग्यासारखी, खांब चाटीसारखा.

पुढचे सात-आठ दिवस तो वाजवत राहिला. तिसऱ्या दिवशी बुवांनी अंधारातच तबला-डग्गा दाराकडे सरकवला. तबला त्यानं कधी हातात घेतला नव्हता, त्यामुळे शाईवर बोट कुठं पडावं ते त्याला माहीत नव्हतं. पण दोन दिवसांत तो ते आवाजावरून शोधून काढत होता. आम्ही गात असताना मध्येच एखादा बोल बसका यायचा आणि पुढच्या आवर्तनात तोच बोल स्वच्छ यायचा. बुवा एकदाच बोलले, "बाप काय वाजवतो?" त्यानं सांगितलं, "हलगी." बुवा म्हणाले, "मग तुला माझ्याकडून काय शिकायचंय? वाजव."

१६ तारखेला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. त्र्याण्णव हजार युद्धकैदी, हा आकडा त्या दिवसांत पोरासोरांच्या तोंडी होता. गल्लीत साखर वाटली, कुणी गूळ वाटला, तालमीच्या पोरांनी काचांवरचे कागद टराटरा फाडले. दिवे लागले.

आता जे सांगायचं आहे ते मला नीट सांगता आलं पाहिजे.

जवानांच्या मदतीसाठी जानेवारीत कार्यक्रम करायचं ठरलं. समूहगीतं, एक पोवाडा, थोडं शास्त्रीय. तबल्याला तो बसणार असं बुवांनी जाहीर केलं. उजेडात तो पहिल्यांदा चटईवर बसला, आणि चार-पाच दिवसांत बुवांना एका घरून निरोप आला, की त्या पोराला माडीवर घेऊन बसवणार असाल तर आमची मुलगी येणार नाही. एका घरून गेला म्हटल्यावर आणखी दोन घरांनी तेच कळवलं. पहिला निरोप आमच्या घरून गेला होता. माझ्या आत्याबाईंनी पाठवला होता. माझी आई चुलीपुढं भाकरी थापत होती, तिनं वर पाहिलं नाही. मी दप्तर भरत होते. मीही काही बोलले नाही.

बुवा नमले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगते. त्यांनी त्याला येऊ नकोस असं म्हटलं नाही. उलट दोनदा ते त्याच्या घरी जाऊन आले असं नंतर कळलं. पण असल्या गोष्टी जिन्यावरून वर-खाली होतच असतात, आणि तो जिन्यावरच बसणारा मुलगा होता. त्याच्या कानावर गेल्याशिवाय कसं राहील? तो यायचा बंद झाला. महिन्याभरानं त्याची बहीणही. जिचा गंधार बुवांनी तीन वेळा ऐकला होता ती. कार्यक्रमाला मिलमधले काका बसले, आमचं समूहगीत छान झालं, टाळ्या मिळाल्या.

युद्धानं माणसातले गुण बाहेर येतात, कलावंत घडतात, असं कुणी बोलायला लागलं की मला राग येतो. युद्धानं काही घडवलं नाही. त्या मुलाचा हात आधीपासून तसाच होता, बापाच्या हलगीपाशी तो तयार झाला होता. तेरा दिवस फक्त आम्हाला काही दिसत नव्हतं, म्हणून ऐकू आलं. आणि दिवे लागल्याबरोबर आम्ही पुन्हा बघायला लागलो.

आईबद्दल मला बरीच वर्षं याचाच राग होता, की ती गप्प राहिली. ती साठीला आली त्या सुमारास एका दुपारी तिनं मला वळिवड्याची गोष्ट सांगितली. मोडक्या-तोडक्या स्वरूपात ती आधीही कानावर होती, पण त्या दिवशी पूर्ण सांगितली.

आईचं माहेर उचगावचं. शेजारीच वळिवडे. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, तिथल्या माळावर बराकींची वसाहत उभी राहिली आणि पोलंडची सुमारे पाच हजार माणसं तिथं राहायला आली. बहुतेक बायका आणि मुलं. त्यांचा प्रवास ऐकला की पोटात गोळा येतो. १९४० पासून रशियानं पूर्व पोलंडमधून कुटुंबंच्या कुटुंबं उचलून सैबेरियात, कझाकस्तानात नेली, लाकडं तोडायला, शेतावर राबायला. थंडीनं, भुकेनं किती गेली. १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावर हल्ला केला तेव्हा यांची सुटका झाली, मग वाट तुडवत इराण, तिथून कराची आणि शेवटी हे आपलं पंचगंगेकाठचं गाव. काही मुलांना आईबाप उरलेच नव्हते. गुजरातेत जामनगरजवळ बालाचडीलाही अशाच मुलांची छावणी होती, तिथले राजे जामसाहेब यांनी उभी केलेली. वळिवड्याचा कॅम्प १९४८ पर्यंत राहिला. पुढं त्याच माळावर फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं वसली. तेच आजचं गांधीनगर, जिथं आपण लग्नाचं कापड घ्यायला जातो.

माझा आज्जा या कॅम्पात दूध घालायचा. दुधाला ते 'म्लेको' म्हणतात हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि तो सायकलवरून "म्लेकोऽऽ" अशी आरोळी ठोकत जायचा. चांगलं म्हणायचं झालं की 'दोब्रे'. घरी आमटी चांगली झाली की आज्जीला तो "दोब्रे" म्हणायचा. हे शब्द आमच्या घरात अजून आहेत, माझी नात म्हणते.

आई तेव्हा आठ-नऊ वर्षांची. सायकलच्या नळीवर बसून ती बरोबर जायची. आणि एका संध्याकाळी तिनं तिथल्या पोरींचा नाच पाहिला. आल्या-आल्या त्या बायकांनी शाळा काढल्या होत्या, बालवीरांची पथकं उभी केली होती, गाणी आणि नाच बसवायला घेतले होते. माळावर, मातीत, दहा-बारा पोरी. डोक्यावर कागदी फुलांचे मुकुट, त्यातून मागं सोडलेल्या रंगीत फिती, कशाकशाच्या चिंध्या जोडून शिवलेले झगे. एक बाई पेटीसारखं काहीतरी गळ्यात अडकवून वाजवत होती. आईला सगळ्यात आठवत होता तो त्यांचा पाय. पळता-पळता एकदम उडी घ्यायची आणि हवेतच एक टाच दुसऱ्या टाचेवर आपटायची. टक्. जमिनीला पाय लागायच्या आत. त्या नाचाला क्राकोव्याक म्हणतात हे मला खूप नंतर समजलं. आईला नाव माहीत नव्हतं. तिला 'टक्' माहीत होतं.

"त्यातली एक पोरगी होती," आई म्हणाली, "लई हाडकुळी. सगळ्यांच्या मागं. तिचा पाय पडला की बाकीच्या पोरी चुकायच्या, कारण तीच बरोबर होती. ती बाई पेटी थांबवून तिच्याकडं बघायला लागली. मग तिला पुढं आणलं." आईनं ते दोन-तीनदा सांगितलं, पुढं आणलं.

एवढं सोसून आलेल्या माणसांनी आधी पोटाचं बघावं, नाच कसला बसवतात, असं गावात काहीजण म्हणायचे म्हणे. मला वाटतं, त्या बायकांना पोटाचंच कळत होतं. तीन वर्षं ती मुलं म्हणजे मोजायची डोकी होती. गाडीत किती, बराकीत किती, भाकरीचे तुकडे किती. नाचाच्या रांगेत एखादीचा पाय चुकतो, एखादीचा चुकत नाही. तिथं पुन्हा प्रत्येकीला ओळखावं लागतं.

आईनं घरी येऊन गोठ्यामागं ती उडी शिकायला घेतली. महिनाभर पडली, गुडघे फोडून घेतले आणि एक दिवस जमलं. आज्ज्यानं पाहिलं. तो हसला, रागावला नाही, पण म्हणाला, "आपल्यात पोरी नाचत न्हाईत." दुसऱ्या दिवसापासून तिला सायकलवर नेणं बंद.

हे सांगून झाल्यावर आई उठली, ओट्याला एका हातानं धरलं, लुगडं जरा वर खोचलं आणि साठ वर्षांच्या त्या बाईनं उडी मारली. टक्. डाव्या टाचेवर उजवी. भांड्यांच्या मांडणीवरच्या वाट्या हलल्या. मग खाली बसली, दम लागला होता. बऱ्याच वेळानं म्हणाली, "त्या पोराचं चुकलंच आपलं." कुठल्या पोराचं ते मी विचारलं नाही. चोवीस वर्षांत तो विषय आमच्यात निघाला नव्हता.

मी तोवर त्याला भेटले होते, हे मी आईला तेव्हा सांगितलं.

१९८६ ची अनंत चतुर्दशी. डॉल्बीच्या भिंती अजून यायच्या होत्या. मिरवणुकीत लेझीम, झांजपथकं, मर्दानी खेळ, हलगी-घुमकं-कैताळ असायचं. पापाच्या तिकटीला आम्ही एका ओळखीच्या घराच्या गॅलरीत उभे होतो. गर्दीत खाली काही दिसत नव्हतं. एक हलगीचा ताफा आला आणि चाल वाजवता-वाजवता मध्येच कुणीतरी हात असा काही उचलला, की चार मात्रा जवळजवळ रिकाम्या गेल्या आणि मग सगळं अंगावर आलं. माझ्या पोटात हललं. मी जिना उतरून खाली पळाले. पंचविशी उलटलेला, मिशा राखलेला माणूस, डाव्या दंडाशी हलगी, हातांत एक जाड टिपरी आणि एक बारीक काडी. चेहरा मी ओळखला नसता. पुढच्या चौकात ते हलगी शेकायला थांबले, रस्त्याकडेला कागद पेटवून, तेव्हा मी जवळ गेले आणि बुवांच्या वर्गाचं नाव काढलं.

तो मला ओळखत होता. मी कोणत्या घरातली तेही. मी माफी मागायला सुरुवात केली, पण त्या गोंगाटात धड वाक्य पुरं होईना. त्यानं हलगी आगीवर फिरवली, बोटानं टिचकी मारून पाहिली, आणि म्हणाला, "अंधारात लई ग्वाड वाजलं हुतं, ताई." बहीण इचलकरंजीला दिली होती. ती गाते का, विचारलं. "पोरांस्नी झोपवताना," म्हणाला. मग पुढून कुणीतरी हाक मारली आणि ताफा निघाला.

वर्ग मी त्यानंतर तेरा-चौदा वर्षांनी सुरू केला. माझा गळा बेताचा आहे, हे बुवांनीच मला पुढं सांगितलं होतं, आणि बरोबर हेही, की तुला ऐकू येतं. त्यावर मी उभी आहे. गाण्याबरोबर नाटकाचं उन्हाळी शिबिर घेते, आठ ते तेरा वयाच्या मुलांचं.

गेल्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, शिबिरात बावीस मुलं होती. पहलगामच्या हत्याकांडाला दोन आठवडे झाले होते. सात तारखेला पहाटे आपली कारवाई झाली आणि सकाळी मुलं वर्गात आली ती युद्ध घेऊनच. प्रत्येकाच्या घरी टीव्हीवर सायरन वाजत होते, खरे किती आणि वाहिन्यांनी स्वतः वाजवलेले किती कोण जाणे. मुलगे ड्रोनचे आवाज काढत होते, हुबेहूब. कोल्हापूर जिल्ह्यात घराआड फौजी आहे. शिरोळ तालुक्यात तर एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. आमच्यातही एक होती, कागलकडची, नऊ वर्षांची, मामाकडं सुट्टीला आलेली. वडील लष्करात. कुठं आहेत ते घरच्यांना माहीत नव्हतं आणि दोन दिवस फोन लागत नव्हता. हे मला तिच्या मामीनं दारात, हळू आवाजात सांगितलं. मुलीनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ती बोलतच नव्हती. अंधारात तिची पाळी आली की तानपुरा वाजत राहायचा, आम्ही थांबायचो, मग पुढच्याचा सा.

आम्ही पावसाची वाट पाहणाऱ्या गावाचं एक नाटक बसवत होतो, मुलांनीच रचलेलं. त्यात सगळे आवाज मुलांनी वस्तूंमधून काढायचे होते. मधोमध ढीग होता. पत्रा, घंगाळ, करवंट्या, चाळण, माझ्या घरचं जुनं सूप, डब्यात जोंधळा. नऊ तारखेला संध्याकाळी दिवे घालवले आणि म्हटलं, ज्याला जे सापडेल त्यातून आवाज काढा. पहिल्यांदा पत्रा गेला. धडाम्, धडाम्. मग घंगाळ. पाच मिनिटं नुसते बॉम्ब पडत होते. थांबवावं असं तोंडाशी आलं होतं, पण थांबवून ते आवाज जाणार कुठं, म्हणून गप्प बसले.

त्या सगळ्याच्या खालून एक आवाज यायला लागला. बारीक, सरसर. एकदा डावीकडून उजवीकडे, एकदा उजवीकडून डावीकडे. मग थोडा जाड. मग दाणे उडून परत आपटण्याचा, म्हणजे सरी बदलतात ना वाऱ्यानं, तसा. पत्रा वाजवणारा मुलगा थांबला. घंगाळ थांबलं. कुणीतरी म्हणालं, "ए, पाऊस." आणि खरोखर, उकाड्यानं जीव चाललेला असताना त्या खोलीत पाऊस पडत होता. सूप तिरकं करून जोंधळा वेताच्या पट्ट्यांवरून घसरू द्यायचा, कडेला पोचायच्या आत परत फिरवायचा, आणि मध्येच मनगटाच्या एका झटक्यानं पाखडायचा. जोर वाढत गेला, अगदी बोलणं ऐकू येऊ नये इतका, आणि मग तिनं तो उतरवत आणला. शेवटी पागोळ्या. दाणा, दाणा, दाणा.

दिवा लावण्याआधी मी विचारलं, "सूप कुठं शिकलीस?"

"आज्जी पाखडती की."

पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज ऐकत होतो आम्ही.

"आणि पाऊस?"

बराच वेळ काही नाही. "पत्र्यावरचा हाय त्यो. पप्पा सुट्टीला आले की आम्ही माळ्यावर निजतो."

मी दिवा आणखी दहा मिनिटं लावला नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, संध्याकाळी शस्त्रसंधी जाहीर झाली. वडिलांचा फोन आला तो मंगळवारी. ती मला सांगायला आली नाही, मामीनं सांगितलं. पण त्या दिवशी अंधारात तिनं सा लावला. खालचा, थोडा घोगरा.

समारोपाला दोन वर्षांपूर्वी आम्हाला केशवराव भोसले नाट्यगृह मिळालं होतं. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१५ साली शाहू महाराजांनी उभं केलेलं ते थिएटर. ज्यांचं नाव त्याला आहे ते केशवरावही लहानपणीच, घरच्या गरिबीमुळे नाटक कंपनीत गेले होते. २०२४ च्या ८ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते जळालं. त्या रात्री खासबागेच्या बाजूला उभं राहून रडणाऱ्यांत मीही होते. त्यामुळे या वेळी एका शाळेचा हॉल घेतला. वर पत्रा, पंखे चार, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या आणि त्यात आईबाप, मामा, आज्ज्या. मामानं फोन उंच धरला होता, वडिलांना पाठवायला.

गेल्या वर्षी पावसानं मे महिन्यातच गाठलं, सगळ्यांना आठवत असेल. नाटक शेवटाकडे आलं, गावातली माणसं झालेली मुलं रंगमंचावर आभाळाकडे बघत उभी राहिली, दिवे मंद झाले, विंगेत तिनं सूप उचललं आणि त्याच वेळी छतावर खरा पाऊस कोसळायला लागला. इतका मोठा, की सूप काय, ढोल ऐकू आला नसता. मुलं गोंधळून विंगेकडे बघायला लागली. मी तिच्यापासून चार हातांवर होते. खूण करणार होते, की राहू दे.

तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. मान वर करून ती पत्रा ऐकत होती. सूप तिरकं धरलेलं, जोंधळा एका कडेला साचलेला. वरची सर कमी व्हायला लागली, तसं तिनं मनगट हळूच फिरवलं.